सहा महिन्यांच्या आतला माल

मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे, वजन सांगत नाही, आणि माझा थोरला भाऊ मला अजून ‘बारके’ अशी हाक मारतो. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. घरगुती सामानाची एकेचाळीस दुकानं असलेल्या एका कंपनीचं मोठं गोदाम त्याच्या ताब्यात आहे. आहे म्हणजे होतं. सत्तावीस वर्षं तो तिथे सकाळी पावणेआठला पोचायचा, आणि सत्तावीस वर्षांत आपल्या मोजणीत एक नगही कमी पडलेला नाही हे तो दवाखान्यात शेजारी बसलेल्या परक्या माणसालासुद्धा सांगायचा. वहिनी म्हणायची, "घरात चमचे किती ते विचारा, सांगता यायचं नाही. तिथले मात्र तोंडपाठ!" घरात त्याची एकच खोड होती. साबणाच्या वडीपासून बल्बच्या खोक्यापर्यंत जे काही घरात येईल त्याच्या कोपऱ्यात तो निळ्या मार्करने आणल्याची तारीख लिहायचा. जुनं आधी वापरायचं, नवीन मागे ठेवायचं. यावरून आम्ही त्याला किती छळलंय याला हिशेब नाही.

माझं काम ताळेबंद वाचायचं. एखाद्या कंपनीला दिलेलं कर्ज पुढे चालू ठेवायचं की आवरतं घ्यायचं हे ठरवण्याआधी बँक आमच्याकडे कागद पाठवते. आम्ही पाच-सहा वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी मांडतो आणि कंपनीकडे जे काही आहे, म्हणजे जागा, माल, येणी, रोकड, ते कुठल्या दिशेने सरकतंय ते बघतो. एका वर्षाचा ताळेबंद म्हणजे फोटो. फोटोपुरतं कोणीही पोट आत घेऊन उभं राहतं. सहा फोटो ओळीने ठेवले की पोट कधी सुटलं ते दिसतं.

त्या सोमवारी साहेबांनी माझ्या टेबलावर ठेवलेल्या फाइलवर दादाच्या कंपनीचं नाव होतं.

मी फाइल उचलून तशीच त्यांच्या मागे गेले. "साहेब, हे काम मला नको. माझा सख्खा भाऊ आहे तिथे."

साहेब माणूस वाईट नाही, दमलेला आहे. त्यांनी कपाटातून नियमांचा कागद काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद नाकाशी धरून वाचला. "पती किंवा पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आईवडील. भाऊ तुमच्यावर अवलंबून आहे का?"

"मीच त्याच्यावर होते. वडील गेल्यावर स्वतःचं कॉलेज सोडून त्याने मला शिकवलंय."

"ते यात कुठे बसत नाही. संचालक वगैरे आहे का तो? शेअर्स?"

"गोदाम सांभाळतो."

"मग झालं तर!" साहेबांनी कागद परत कपाटात ठेवला. "आणि दुसरं आहे कोण आपल्याकडे? एक बाळंतपणाच्या रजेवर, एक नोकरी सोडून गेला. पुढच्या सोमवारी रिपोर्ट जायला हवा. फक्त घरी यातलं अक्षर बोलू नका. बाहेर पडलं तर तुमची नोकरी जाईल, आणि आतली बातमी फोडल्याचा आळ येऊन त्याचीही."

नियम बनवणाऱ्यांना भाऊ नसावेत. मी जागेवर येऊन बसले आणि सहा वर्षं ओळीने मांडली.

एकूण मालमत्तेकडे बघितलं तर कंपनीचं बरं चाललं होतं. दर वर्षी आकडा थोडा थोडा वाढलेला. पण आत बघितलं की चित्र वेगळं होतं. सहा वर्षांपूर्वी सव्वीस दुकानांच्या इमारती कंपनीच्या स्वतःच्या होत्या, आता पाच उरल्या होत्या. बाकीच्या विकून त्याच जागांत ती भाड्याने राहत होती. ते पैसे कुठे गेले? रोकडीत नव्हते, रोकड तर पगारापुरती. इमारती गेल्या, रोकड गेली, आणि तेवढीच जागा भरून काढत एकच ओळ फुगत गेली होती. मालसाठा. विक्री मात्र होती तिथेच. पूर्वी गोदामात आलेला माल सरासरी सत्तर दिवसांत खपायचा, आता त्याला एकशे नव्वद लागत होते.

इतका माल न खपता पडला असेल, तर तो जुना झालेला असणार, आणि जुन्या मालाची किंमत खाली आणावीच लागते. पण कंपनीच्या कॉम्प्युटरवरची यादी काही वेगळंच सांगत होती. शंभरातला त्र्याण्णव माल सहा महिन्यांच्या आतला. मी पत्र पाठवून विचारलं. उत्तर आलं, नवीन दुकानं उघडायची आहेत, त्यासाठी आगाऊ खरेदी केली आहे. ते खरंही असू शकलं असतं. एरवी अशा उत्तरावर मी कंपनीला फाडून खाल्लं असतं. या वेळी मी ते तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा स्वतःची समजूत घातली. दादाला निवृत्त व्हायला दोन वर्षं राहिली होती. छप्पन्नाव्या वर्षी गोदामातून बाहेर पडलेल्या माणसाला दुसरं गोदाम कोण देतं? बावीस वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, आकडे खरे असू देत आणि मी मूर्ख ठरू दे.

बुधवारी दादाचा फोन आला.

"बारके, उद्या तपासणी आहे म्हणे आमच्याकडे. तुमचं ऑफिस ना गं?"

"हो. मी आणि साहेब येतोय."

"अगं मग आधी सांगायचं नाही का!" त्याचा आनंद फोनमधून ऐकू येत होता. "थांब, पुढचं काही सांगू नकोस. मीही विचारणार नाही. तुझ्या नोकरीला बट्टा नको. उद्या मी तुला ओळखतसुद्धा नाही. तू फक्त बघ, रॅक कसे लख्ख करून ठेवतो ते."

गुरुवारी तो दारात उभा होता. नवा शर्ट, खिशाला दोन पेनं आणि तो निळा मार्कर. "या साहेब. या मॅडम," तो म्हणाला. ज्याने माझ्या नाकाचा शेंबूड पुसलाय तो माणूस मला मॅडम म्हणत होता आणि त्या शब्दावर इतका जोर देत होता की दारावरच्या पहारेकऱ्यालाही संशय आला असता. साहेबांनी हसू दाबलं. मला हसू आलं नाही.

आम्ही यादीतून कुठलेही पंधरा रॅक निवडले आणि मोजले. बेडशीट, इस्त्र्या, पडदे, काचेचे जग. यादीत तीनशे बारा, तर रॅकवर तीनशे बारा. यादीत अठ्ठ्याऐंशी, तर अठ्ठ्याऐंशी. पंधराच्या पंधरा रॅक जुळले. साहेब वही मिटत म्हणाले, "इतकं चोख गोदाम मी बघितलेलं नाही." माझा जीव भांड्यात पडला. चहा प्यायचा, गाडीत बसायचं आणि ‘माल प्रत्यक्ष मोजला, बरोबर आहे’ असं लिहून टाकायचं. आगाऊ खरेदीचं उत्तर फाइलला होतंच. दोन वर्षं निघाली असती.

पण साहेबांनी कौतुक केलं होतं आणि दादाला कौतुकाची सवय नव्हती.

"साहेब, हे तर कॉम्प्युटर सांगतो ते झालं," तो म्हणाला. "माझी पद्धत तुम्ही बघितलीच नाहीत."

माझी नजर त्याच्या खिशातल्या मार्करवर गेली. घरातले साबण, बल्ब, काड्यापेट्या, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं.

"दादा, असू दे. उशीर होतोय," मी म्हणाले.

त्याने डोळे वटारले. दादा म्हटल्याचा राग. "दोनच मिनिटं, मॅडम."

तो आम्हाला मागच्या ओळींकडे घेऊन गेला. तिथे छतापर्यंत खोकी रचलेली होती, आणि प्रत्येक खोक्याच्या उजव्या कोपऱ्यात निळ्या मार्करने तारीख होती. तारखेखाली बारीक उभ्या रेघा.

"त्याचं असं आहे साहेब," दादा सांगू लागला, "माल कंपनीच्या दुसऱ्या गोदामात जाऊन परत आला की कॉम्प्युटर त्याला नवी तारीख देतो. मग जुना कुठला आणि आधी काढायचा कुठला, हे कळायचं कसं? म्हणून जो दिवस पहिल्यांदा आला तो मी खोक्यावरच लिहून ठेवतो. आणि ही रेघ म्हणजे एक फेरी."

साहेबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "कसली फेरी?"

"दर पाच महिन्यांनी वरून निरोप येतो. हा सगळा माल ट्रकमध्ये भरून तिकडे पाठवायचा आणि आठवड्याने परत घ्यायचा. आम्ही हवापालट म्हणतो त्याला!" तो स्वतःच हसला.

"चला ना साहेब," मी म्हणाले.

"का पाठवतात?" साहेबांनी विचारलं.

"ते वरच्यांना माहीत. आपण मोजून पाठवायचं आणि मोजून घ्यायचं. इतक्या फेऱ्या झाल्या, एक नग इकडचा तिकडे नाही." त्याने समोरच्या खोक्यावर थाप मारली. आत जांभळ्या झाकणांचे डबे होते, सहा-सहाचे संच. असे डबे कोणे एके काळी कुणीतरी हजारोंनी मागवले आणि जांभळं झाकण कोणालाच आवडलं नाही. खोक्यावरची तारीख पाच वर्षांपूर्वीची होती. खाली बारा रेघा.

"असा माल किती असेल?" साहेबांचा आवाज अगदी मऊ झाला होता.

"अंदाजाने कशाला बोलू? वही आहे ना माझी!" आणि तो वही आणायला निघाला. निघाला म्हणजे धावलाच, छप्पन्नाव्या वर्षी. मी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिले. ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय सांगणार होते? साहेब खोक्याचा फोटो काढत होते.

वहीप्रमाणे शंभरातला एकसष्ट माल तीन वर्षांहून जुना होता. साहेब बेरीज तपासत असताना दादाने माझ्याकडे बघून हळूच डोळा मिचकावला. शाळेत माझा पहिला नंबर आल्यावर तो असाच डोळा मिचकवायचा.

गाडीत साहेबांनी खोक्याचा फोटो पुन्हा उघडून बघितला. मग म्हणाले, "तुमच्या भावासारखी माणसं राहिली नाहीत हो."

मी भडकले. "मग जी राहिलीत त्यांचं काय करायचं ते सांगा. साहेब, वहीचा उल्लेख नको करूया. आपल्या आकड्यांतूनही कळतंय सगळं. तेवढंच लिहू."

"आकड्यांना त्यांचं उत्तर तयार आहे. यादी तयार आहे. वही सोडली तर आपल्या हातात आहे काय?" त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "मी बघितलं नसतं तर गोष्ट वेगळी. आता बघितलंय."

"मी चला म्हणत होते."

"ऐकलं मी," साहेब म्हणाले. "उशिरा ऐकलं."

रविवारी मी दादाकडे जेवायला गेले. जाऊ नये असं ठरवूनच गेले. तो खुशीत होता. "साहेब खूश झाले ना?" असं विचारून लगेच त्याने स्वतःच हात वर केला. "नको, नको. काही बोलू नकोस." वहिनीने वाढता वाढता माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. ती दादासारखी नाही, तिला नगांपेक्षा माणसं जास्त कळतात.

"सगळं ठीक आहे ना गं?" तिने स्वयंपाकघरात मला गाठलं.

मी ताटली विसळायला घेतली. ती माझ्या हातातली ताटली काढून घेत म्हणाली, "बरं. नको सांगूस."

रिपोर्ट मीच लिहिला. इमारतींचं लिहिलं, रोकडीचं लिहिलं, आणि फुगलेल्या मालसाठ्यापाशी येऊन थांबले. खोक्यांचे फोटो, वहीतली बेरीज, फेऱ्या, सगळं टाकलं. दादासाठी करण्यासारखं काहीही माझ्या हातात नव्हतं. बावीस वर्षांचा अनुभव आणि मोठी पदवी घेऊन, जिच्या फीसाठी त्याने स्वतःचं कॉलेज सोडलं, मी त्याच्या गोदामाला कुलूप लावत होते आणि माझे हात टायपिंग करत होते. एकच गोष्ट सुचली. उद्या कंपनीवर ठपका आला तर त्यात याला ओढू नये म्हणून मी एक वाक्य घातलं: ‘गोदामप्रमुखांनी स्वतःच्या सवयीने ठेवलेल्या नोंदी अचूक असून पूर्णपणे विश्वासार्ह आहेत.’ साहेबांनी रिपोर्टमध्ये बरीच काटछाट केली, या वाक्याला हात लावला नाही.

तीन आठवड्यांनी बँकेच्या माणसाचा फोन आला, आभार मानायला. कंपनीने म्हणे बरीच सारवासारव केली. वही म्हणजे एका म्हाताऱ्या गोदामवाल्याचा चाळा आहे, असंही सांगून बघितलं. "पण तुम्ही स्वच्छ लिहिलं होतंत, पूर्णपणे विश्वासार्ह," तो म्हणाला. "त्या वाक्यावरच निर्णय झाला बघा."

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. रडू आलं नाही. रडायला निदान दुसऱ्या कोणावर तरी राग यावा लागतो.

कर्ज थांबलं तशी दोन महिन्यांत दुकानं बंद झाली. सगळ्यांना घरी पाठवलं, दादाला सोडून. माल विकून बँकेचे पैसे वसूल करायला जे अधिकारी आले त्यांना मालाची माहिती असलेला माणूस हवा होता. चाळीस दिवस तो एकटा त्या गोदामात जात राहिला, पावणेआठलाच. शेवटच्या दिवशी मी त्याला आणायला गेले. गोदाम रिकामं होतं आणि त्याच्या बोलण्याचा आवाज घुमत होता.

"जांभळे डबे पण गेले?" काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं.

"गेले." तो बराच वेळ कुलपाची किल्ली शोधत राहिला. ती त्याच्या हातातच होती. "किलोवर घेतले गं. काटा लावला आणि घेऊन गेले. नग मोजलेच नाहीत."

आठवड्याने तो माझ्या ऑफिसात आला, पहिल्यांदाच. हातात प्लास्टिकची पिशवी, तीत एक कागद. माल विकणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला आमच्या रिपोर्टच्या एका पानाची झेरॉक्स दिली होती. त्याने ती टेबलावर सरळ केली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे तू लिहिलंस?"

मी मान डोलावली. त्याने एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

"पूर्णपणे विश्वासार्ह," त्याने वाचलं. "सत्तावीस वर्षांत लेखी कोणी दिलं नव्हतं. पाच ठिकाणी अर्ज टाकलेत मी. याच्यावर तुमच्या ऑफिसचा शिक्का मिळेल का? जरा वजन पडेल."

"दादा," मी म्हणाले, "याच वाक्याने..."

"माहीत आहे मला." तो कागदाकडेच बघत होता. "गोदामात बसून चाळीस दिवस दुसरं काय करत होतो? सगळं लागलं डोक्यात. हवापालट कशाला होती तेही." मग त्याने मान वर केली. "पण खोटं नाही ना ते?"

"नाही."

"मग शिक्का मिळतो का बघ."

मी साहेबांकडे गेले. साहेबांनी कपाट उघडलंच नाही. रिपोर्ट बँकेच्या मालकीचा, बाहेरच्या माणसाला शिक्का देता येत नाही, हे मलाही पाठ होतं. मी रिकाम्या हाताने परत आले. दादा म्हणाला, "असू दे गं, शिक्क्याचं काय एवढं." त्याने कागद पिशवीत घातला आणि बाहेर पडताना ऑफिसच्या शिपायासमोर मला ‘मॅडम’ म्हणत विचारलं, जिना कुठे आहे म्हणून.

याला आता आठ महिने झाले. परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा तो घरी नव्हता. वहिनी म्हणाली, कुणाकडे तरी भेटायला बोलावलंय. तेवढ्यात तो आला, चपला काढल्या, प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली आणि हातपाय धुवायला आत गेला. काय झालं, असं कोणी विचारलं नाही. बाहेर येऊन त्याने खिशातला निळा मार्कर काढला, पिशवीवर काहीतरी केलं आणि मार्कर परत खिशाला लावला.

"जेवूनच जा, बारके," तो म्हणाला आणि पाणी आणायला गेला.

मी पिशवी जवळ ओढली. आत तेच पान होतं, घड्यांवर विरलेलं. पिशवीच्या उजव्या कोपऱ्यात त्याच्या अक्षरात तारीख होती, ज्या दिवशी तो कागद त्याच्या हातात आला ती. तिच्याखाली बारीक उभ्या रेघा. शेवटच्या रेघेची शाई अजून ओली होती. मी मोजल्या. एकोणीस भरल्या.